उसवलेल्यांपैकी एक

५ फेब्रुवारी

भिंगरे,

आशीर्वाद आहेतच, ते वेगळे लिहीत बसत नाही. माझी शाळा तिसरीपर्यंत. अक्षर वेडंवाकडं येणार. वाचता आलं नाही तर दोनदा वाच.

तुझा फोन लागत नाही. लावला की एक बाई म्हणते, हा नंबर अस्तित्वात नाही. मी तिला म्हटलं, नंबर नसेल, पोरगी आहे. तिनं तेच पुन्हा ऐकवलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी खालच्या इस्त्रीवाल्याकडून तुझा पत्ता घेतला. घर सोडताना पत्ता त्याच्याकडे ठेवलास, सांभाळून मोठं केलेल्या आजीकडे नाही. असो. त्याच्याकडे निदान कपडे तरी सरळ होतात.

तुझा बाप बरा आहे. म्हणजे जेवतो, कामावर जातो, परत येतो, आणि तुझ्या खोलीच्या दाराकडे न बघता पुढे जातो. न बघण्यासाठी त्याला मान बरीच वळवावी लागते.

इस्त्रीवाल्यानं माझ्या फोनवर तुझा पॉडकास्ट लावून दिला. म्हणाला, "आजी, हिरवं दाबलं की नात बोलते, पुन्हा दाबलं की गप्प बसते." मी म्हटलं, हे यंत्र आधी मिळालं असतं तर तिला वाढवणं सोपं गेलं असतं.

नाव तरी बरं ठेवायचंस. 'उसवलेलं'. अगं, मी जन्मभर शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करून घर चालवलं आणि नातीनं पाटी लावली उसवलेलं म्हणून. तुझ्या बापाचं म्हणणं तर तुला पाठ असेल. ऑफिसातल्या कोणीतरी त्याला जेवणाच्या सुट्टीत तुझं ते बोलणं ऐकवलं, "घरी माझं कोणी ऐकत नव्हतं, इथे तुम्ही ऐकता, आता तुम्हीच माझं घर." तो घरी आला तो तसाच, बूट न काढता. "ती टोळी तुझं घर असेल तर जा तिकडेच." आणि तू गेलीस. आता ती टोळी राहते कुठे, हे ना त्याला माहीत ना तुला. दोघं सारखेच. मी मधे बसून बटण लावत होते, मला कोणी विचारलं नाही.

तर मी तुला ऐकलं. तू म्हणालीस, "नमस्कार, कसे आहात?" मी म्हटलं, "बरी आहे, आवाज तेवढा बसलाय, गार पाणी प्यायले असेन." तू मला बोलूच दिलं नाहीस. लगेच खिडकीच्या तुटलेल्या कडीचं सुरू केलंस. पुढे तू विचारलंस, "तुम्हाला काय वाटतं?" मी सांगितलं की कडीचा स्क्रू आखूड पडला असणार. तू तेही ऐकून घेतलं नाहीस. अशानं माणसं टिकत नाहीत.

आणि एक. तुझं बोलणं सुरू व्हायच्या आधी कोणीतरी दार वाजवतं. टक, टक. तू उठत नाहीस, दार उघडत नाहीस, सरळ बोलायला लागतेस. कोण आहे ते? एकटी राहतेस, दारावर माणूस उभा ठेवून गप्पा मारणं बरं नाही. आधी दार बघ.

तुझा कोट इथेच राहिलाय. वरचं बटण तुटलंय. मी बघते.

आजी


१९ फेब्रुवारी

भिंगरे,

तुझं उत्तर आलं नाही. किंवा आलं. मला कळेनासं झालंय.

शुक्रवारी तू फोनवर म्हणालीस, "बरेच जण विचारतात, सुरुवातीला दार कोण वाजवतं. दारावर कोणी नाही, काळजी करू नका." मी लगेच इस्त्रीवाल्याला खाली जाऊन सांगितलं, नातीनं उत्तर दिलं म्हणून. तो गालात हसला. "आजी, ते तुम्हाला नव्हतं, सगळ्यांना होतं." मी म्हटलं, सगळे म्हणजे कोण? तर म्हणाला, हजारो माणसं ऐकतात तिला.

हजारो.

मला वाटत होतं हिरवं दाबलं की तू मला बोलतेस. कसे आहात म्हणालीस ते आदरानं म्हणालीस असं धरून मी खूशही झाले होते, पोरीला बाहेर जाऊन वळण लागलं म्हणून. हजार माणसांना एकदम 'कसे आहात' विचारून तुला काय कळणार आहे? कोणाचं ऐकणार आहेस? बसथांब्यावर उभं राहून ओरडावं, "काय, बरं आहे ना?" आणि उत्तराआधी बसमधे चढावं, तसं हे झालं.

मग मी ठरवलं, ही माणसं कोण ते तरी समजून घ्यावं. तुझ्या बापाला विचारलं. तो म्हणाला, "टोळी. एकट्या माणसांना गाठतात, घरच्यांपासून तोडतात." त्यानं पेपरातलं कात्रण दाखवलं, त्यात कोणा तज्ज्ञानं लिहिलंय की पॉडकास्ट ऐकणारे एकाच आवडीचे लोक असतात आणि त्यांचा मिळून समुदाय होतो. मी विचारलं, मग ही टोळी की समुदाय? तो म्हणाला, "एकच." इस्त्रीवाला म्हणाला, "गिऱ्हाईकं हो आजी, दुसरं काय." तू म्हणतेस घर. एका ढिगाला चार नावं. माझ्या दुकानात असं झालं असतं तर मालकानं हाकललं असतं. शर्ट की झबलं ते आधी ठरवा म्हणाला असता, मग सुईत दोरा घाला.

आणि एकाच आवडीचे म्हणजे काय गं? मला तुझ्या तुटक्या कड्यांची काय आवड? मी तर तू शेवटाला धाप लागून हसतेस तेवढ्यासाठी ऐकते. म्हणजे मी त्या समुदायात की बाहेर?

तू मधे एकदा म्हणालीस, "माझी आजी म्हणते तसं, आधी काज, मग बटण." ते बरं केलंस. पण माझं बोलणं असं हजार माणसांत वाटायच्या आधी मला विचारायचं. ते काही झाडाला लागलेलं नाही.

आवाज अजून बसलेलाच आहे. इस्त्रीवाला म्हणाला डॉक्टरला दाखवा. त्याच्या गाडीपाशी उभं राहिलं की माणूस सल्ला घेऊनच परत जातो. दाखवीन.

आजी


३ मार्च

भिंगरे,

घशाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. तिथे जे झालं ते आधी सांगते, बाकीचं मग.

बाहेर बसायला लावलं होतं. भिंतीला टेकून खुर्च्या, समोर काचेची खिडकी, त्यामागे नंबर पुकारणारी एक चष्मेवाली पोरगी. नुसतं बसणं मला जमत नाही हे तुला माहीत आहे. तुझा कोट सोबत नेला होता. तुटलेल्या बटणाखालचं काजही फाटलंय, ते नीट करत बसले. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "कोणासाठी?" मी बोटातली शिवणाची पितळी टोपी, अंगुस्तान, खुर्चीच्या दांड्यावर वाजवली, टक टक, आणि सांगितलं, "एका आगाऊ पोरीसाठी." सांगून झालं की एकदा, टक.

तर ती चष्मेवाली काचेमागून उभी राहिली. एवढी एकदम की तिच्या पुढ्यातले कागद खाली पडले.

"आजी, ते परत करा."

"काय परत करू?"

"ते आत्ता वाजवलंत ते."

मी म्हटलं, दवाखान्यात आवाज करायचा नसेल तर सरळ सांग, टोमणे कशाला. तर ती खिडकी सोडून बाहेर आली, माझ्या पुढे वाकून बसली. "दोन आधी आणि एक शेवटी. तुम्ही 'उसवलेलं' ऐकता?"

मी सावध झाले. म्हटलं, अधूनमधून.

"आम्ही दोन वर्षं भांडतोय ते दोन ठोके कशाचे म्हणून. कोणी म्हणतं दार, कोणी म्हणतं सुतारपक्षी. मी म्हणत होते लाटणं." आणि माझ्या बोटाकडे बघून म्हणाली, "तुम्ही तिच्या आजी."

भिंगरे. ते दार नव्हतं. ते मी होते. बोलायच्या आधी दोन, ऐक म्हणून. बोलून झालं की एक, संपलं म्हणून. माझी दुकानातली सवय. मशिनच्या आवाजात कोणी ऐकायचं नाही, म्हणून टेबल वाजवायचे. तू कधी ते उचललंस तुझ्या यंत्रात? आणि मी मूर्ख तुला लिहिते, दार उघड, दार उघड. माणसाला स्वतःचाच ठोका परका वाटतो.

मी तिला विचारलं, "तू म्हणालीस 'आम्ही'. आम्ही कोण?"

"उसवलेले. आम्ही स्वतःला तसंच म्हणतो."

"भेटता कुठे?"

"भेटत नाही."

"मग ओळखता कसे एकमेकांना?"

"ओळखत नाही तसे. लिहितो. कोणाचा नळ गळतो, कोणाची आई आजारी आहे, ते माहीत असतं."

"न भेटता, न ओळखता आम्ही? मग उद्या मी आणि अमका राजा पण आम्ही."

ती हसली नाही. चष्मा पुसला आणि हळूच म्हणाली, "आजी, ती 'कसे आहात' म्हणते ना, तेव्हा मी उत्तर देते. घरी भांडी घासताना. मोठ्यानं. कोणाला सांगू नका."

मला वाटलं होतं तो वेडेपणा माझा एकटीचा. मी विचारलं, बाकीचेही देतात? ती म्हणाली, "विचारलं नाही कधी. पण देत असतील." म्हणजे बघ, एक बोलतेय, तिला ऐकू येत नाही, आणि हजार माणसं आपापल्या मोरीत उभी राहून तिला उत्तर देतायत, ती एकमेकांना ऐकू येत नाहीत. याला समुदाय म्हणतात की वेड्यांचा बाजार, मला खरंच समजत नाही. पण बाजारात निदान आरडाओरडा एकमेकांना ऐकू जातो.

आता डॉक्टरचं. गळ्यात गाठ आहे. दोऱ्याला पडते तशी. अजून तपासण्या करायच्या म्हणाले. चष्मेवालीनं कागदावर ते वाचलं, तिचं तोंड उतरलं. म्हणाली, "मी तिला कळवू?" मी दम दिला. म्हटलं, दुखणं ऐकून येणारी माणसं मला नकोत. तशी तर शेजारीणही येते, आणि खुर्ची गरम करून जाते. पोरीला यायचं तर आजी आहे म्हणून येईल, आजारी आहे म्हणून नाही. तिनं शब्द दिलाय. तू हे वाचशील तेव्हा तुला कळेलच म्हणा, पण तू वाचतेस की नाही हेच मला कळत नाही. म्हणून लिहून टाकलं.

कोटाचं काज झालं. बटण लावायचं राहिलंय. तू घातल्याशिवाय जागा समजणार नाही, तू पूर्वीपेक्षा वाळली असशील.

आजी


१७ मार्च

भिंगरे,

पत्रांना उत्तर देत नाहीस, तर मी म्हटलं तुझ्याच वाटेनं येऊन बघावं. जगाशी बोलतेस, तर जगाच्या रांगेत उभी राहते.

मागच्याच्या मागच्या शुक्रवारी तू विचारलं होतंस, "तुमच्या घरी काय शिवायचं राहिलंय? आवाजात सांगा, पाठवा." मी पुढच्या तपासणीला गेले तेव्हा चष्मेवालीकडून शिकून घेतलं. लाल दाबायचं, बोलायचं, सोडायचं. ती म्हणाली, नाव सांगा. मी म्हटलं, नाव कशाला, माझी पोरगी मला ओळखेल. खोलीचं दार लावून घेतलं आणि बोलले. दोन टक आधी, एक नंतर. मधे एवढंच: "माझ्याकडे एका पोरीचा कोट आहे. बटण लावायचं राहिलंय. तिनं घालून दाखवल्याशिवाय लावता येत नाही. आधी काज, मग बटण. काज तयार आहे. बाकी तिचं ती जाणे."

झालं. मग शुक्रवारची वाट बघितली. मी कोणाची वाट बघत नाही, पण शुक्रवारची बघितली.

तू माझा आवाज लावलास. पण माझे ठोके त्यात नव्हते. खरखर नव्हती, बाहेरच्या रस्त्याचा आवाज नव्हता, मधे मी दम घेतला होता तोही गेला होता. धुऊन, नीळ घालून, इस्त्री मारून कोणी परकीच बाई बोलत होती. आणि तिच्यानंतर तू हसलीस, तेच धाप लागलेलं हसणं, आणि म्हणालीस, "बघा, आता आजीसुद्धा 'आधी काज, मग बटण' म्हणायला लागल्या. या आजी तर आपल्यातल्याच."

भिंगरे.

फोन तसाच चालू राहिला. दुसरा कोणी तरुण बोलायला लागला, त्याच्या सायकलचं. तोही म्हणाला, आधी काज मग बटण. त्याच्या मागची बाईही म्हणाली. माझं वाक्य माझ्याआधी हजार तोंडांतून फिरून आलं होतं, तेव्हा माझ्याच तोंडून आलं तर ते उष्टं वाटलं तुला. कानामागून आली आणि तिखट झाली असं ऐकलं होतं. इथे मी कानापुढे होते आणि फिकी झाले.

तुझ्यावर चिडू का, ते ठरत नाही. तू तर प्रेमानंच म्हणालीस. 'आपल्यातल्याच.' त्या चष्मेवालीला तू असं म्हणाली असतीस तर तिनं रजा काढून पेढे वाटले असते. पण मी तुझ्यातली कशी गं? तू माझ्यातली आहेस. हे उलटं कधी झालं, मला कळलंच नाही.

चष्मेवालीला सांगितलं तर तिला रडू आलं. "आजी, मी लिहू का तिला? एका ओळीचं काम आहे." मी पुन्हा नाही म्हटलं. आता तर मुळीच नाही. ओळखायचं असतं ते सांगून ओळखवत नाहीत.

डॉक्टरांनी तारीख दिली. गाठ वाईट निघाली. स्वरयंत्र काढणार. गळ्याला भोक ठेवणार, श्वास तिथून. मी म्हटलं, म्हणजे काज पाडणार. ते म्हणाले, "तसं म्हणा हवं तर." त्यानंतर बोलणं बंद. कसल्याशा यंत्रानं किंवा शिकून थोडंफार येईल म्हणाले, पण ते माझं बोलणं नसेल. तुझ्या बापाला मी सांगितलं की गाठ काढतायत. पुढचं सांगितलं नाही. तो आधीच मान वळवून चालतो, आणखी कुठे वळवणार.

म्हणजे तू ऐकलंस ते माझं शेवटचं बोलणं होईल कदाचित, आणि तेही धुऊन.

आजी


२६ मार्च

भिंगरे,

घरात गोंधळ झालाय. मला नीट समजलेला नाही, जसा समजला तसा सांगते.

परवा सकाळी तुझा बाप दाढी करत होता. मी खोलीत बसून पुन्हा तेच लावलं होतं. चुकून मोठ्यानं लागलं. तो आतूनच म्हणाला, "आई, कोणाला ओरडतेस सकाळी सकाळी?" तो फेसासकट बाहेर आला. मी तोंड मिटून बसलेली, आणि आवाज चालूच, "बाकी तिचं ती जाणे."

त्यानं फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हा तुझा आवाज आहे."

"आहे."

"तिथे? त्या टोळीत?"

"हो."

मग तुझं ते हसणं आलं, 'आपल्यातल्याच'. तो खाली बसला. "तिला कळलं नाही?"

"तुला कसं कळलं?"

"पन्नास वर्षं ओरडा खाल्लाय," म्हणाला. "तू 'बाकी तिचं ती' म्हणायच्या आधी नाकानं श्वास सोडतेस. तेवढं त्या यंत्रानं काढलं नाही."

हजार माणसांत एकानं ओळखलं, आणि तो तोच, जो तुझं काही ऐकत नव्हता. आता यावर हसायचं की काय करायचं, तूच सांग.

मग त्यानं विचारलं, नुसत्या गाठीसाठी मी चोरून आवाज का पाठवते. मला खोटं सुचलं नाही. सांगितलं. तो बराच वेळ चेहऱ्यावर फेस सुकवत बसला.

त्या दिवशी कामावर गेला नाही. तुझा सगळा कार्यक्रम पहिल्यापासून ऐकत बसला. मी चहा ठेवायला गेले तेव्हा तू फोनमधे विचारलंस, "कसे आहात?" आणि मी माझ्या कानांनी ऐकलं, हा म्हणाला, "ठीक." मी पाहिलं तर म्हणाला, "घसा साफ केला."

मग तुला कळवायला निघाला. मी नको म्हटलं. पहिल्यांदा आयुष्यात त्यानं माझं ऐकलं नाही. पण तुझ्याकडे निरोप धाडायचा तर आधी त्या लोकांत नाव घालावं लागतं म्हणे. पानावर प्रश्न आला, 'तुम्ही उसवलेल्यांपैकी एक आहात का?' खाली हो आणि नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, माझ्याकडे काय बघतोस, शर्टाकडे बघ, बाही उसवलीय. त्यानं हो दाबलं.

आणि लिहिलं, "कोटाचं बटण म्हणणारी ती आजी तुझी आजी आहे. तिचा आवाज जाणार आहे. बुधवारी शस्त्रक्रिया. मी तुझा बाप." बाण मारल्यासारखं बोट मारलं आणि ते गेलं. पण कुठे गेलं? त्याला वाटलं तुझ्या एकटीच्या खिशात पडेल. ते पडलं चव्हाट्यावर. चष्मेवालीनं फोन करून सांगितलं, "आजी, मी शब्द मोडला नाही हो, पण आता सगळ्यांनाच कळलंय." तो डोकं धरून बसला. आपलं ठेवावं झाकून म्हणणारा माणूस, त्यानं आईचा गळा हजार लोकांपुढे उघडला. मला रागवायचं होतं. पण आवाज पुरला नाही.

मला खरंच कळत नाही आता काय होणार. ती माणसं काय करतील? येतील का दारात? मी पुसून-बिसून काही ठेवलेलं नाही.

आजी


११ एप्रिल

भिंगरे,

हसू नकोस. तू समोर खुर्चीत बसली आहेस आणि मी तुला पत्र लिहितेय, हे मलाही दिसतंय. पण गळ्याला काज पाडल्यावर दुसरा उपाय काय? दवाखान्यात लिहायला पाटी दिली, ते मला जमत नाही. पाटीवर लिहिलं की तिसरीच्या मास्तरीणबाई आठवतात, छडीसकट. कागद बरा.

तू माझी मागची पत्रं आत्ता वाचतेयस. ती खोली तू पहिल्याच महिन्यात सोडलीस आणि सगळी पत्रं जुन्या घरमालकिणीच्या चपलांच्या कपाटावर पडून होती, हे मला काल समजलं. म्हणजे दारावर कोणी नाही, काळजी करू नका, ते तू मला म्हणालीच नव्हतीस. मी विचारलं त्याचं उत्तर मला मिळालं, पण ते मला दिलेलं नव्हतं. हे असं कसं होऊ शकतं, ते नंतर समजावून सांग. आत्ता नको, डोकं दुखतं.

तू त्या मंगळवारी संध्याकाळी आलीस, त्यात मला नीट दोन वाक्यं बोलता आली नाहीत. एक म्हटलं, वाळलीस. दुसरं म्हणायचं होतं ते गिळलं. मला वाटलं बापाचा निरोप वाचून आलीस. काल तू सांगितलंस की तो तू आधी वाचलाच नव्हतास. तू म्हणे फोन उघडलास तर त्या लोकांचे निरोपच निरोप. कोणी नळ नाही विचारला, कडी नाही विचारली. सगळ्यांचं एकच, घरी जा. सायकलवाला, लाटण्यावरून भांडणारी, सुतारपक्षी म्हणणारे, सगळे. घरी जा, बटण लाव, मग बोल. तू त्यांना भर सभेत म्हणाली होतीस की तुम्हीच माझं घर. आणि त्या घरानं तुला उचलून या घरी आणून टाकलं.

टोळी असं करत नाही, एवढं मला कळतं. गिऱ्हाईकंही करत नाहीत, गिऱ्हाईक माल मागतं. घरसुद्धा, खरं सांगायचं तर, क्वचित करतं. मग ते कोण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तुझ्या बापाला विचारलं, लिहून. त्यानं खांदे उडवले. पण शुक्रवारी कान लावून बसतो. चोर कुठला.

तुम्ही दोघं अजून एकमेकांशी बोलत नाही ते मला दिसतं. तो मला म्हणतो, "तिला चहा हवा का विचार." तू मला म्हणतेस, "त्यांना सांग साखर कमी." माझा आवाज गेलाय आणि तुम्ही मला निरोप्या केलंय. मी कोणालाच काही विचारणार नाही. साखरेचं तुमचं तुम्ही बघा.

आता काल दुपारचं. तू ते यंत्र काढलंस, माझ्या उशाशी ठेवलंस आणि म्हणालीस, "आजी, कशी आहेस?" आणि मग गप्प बसलीस. मी वाट बघितली की आता कडीचं सुरू करशील. तू केलं नाहीस. मी अंगुस्तान मागितलं, नर्सनं ते पेल्यात धुऊन ठेवलं होतं. पलंगाच्या दांड्यावर वाजवलं, टक टक. पुढे बोलायचं होतं, ते काही नव्हतं. नळीतून वारा तेवढा गेला. बाहेर कोणीतरी ढकलगाडी नेली. तू तोंडावर हात ठेवून बसलीस, पण यंत्र थांबवलं नाहीस. सगळं बोलून झाल्यावर मी वाजवलं, एकदा.

चष्मेवाली आज येऊन गेली. म्हणाली, तू ते तसंच्या तसं लावलंस. ढकलगाडीसकट, वाऱ्यासकट. काही धुतलं नाहीस. आणि ती म्हणाली, त्या मधल्या रिकाम्या जागेत तिनं भांडी घासणं थांबवलं.

आता उठ आणि कोट घाल. खिडकीपाशी उभी राहा, उजेडात. मान सरळ. वरचं बटण किती घट्ट हवं ते मला बघू दे.

एकच विचारायचं राहिलं. 'कशी आहेस' म्हणालीस, ते मला की त्यांना? राहू दे, सांगू नकोस. दोघांना म्हणाली असशील तरी चालेल. फक्त त्यांना एवढं सांग की उत्तर पहिलं मी दिलं होतं. फेब्रुवारीत. घसा बसलेला असताना.

टक.